जुन्या लहान डिझेल ट्रॅक्टरचा ‘सेल्फ’ : दोष शोधण्याची क्रमवार रीत

नाशिक, सांगली व सोलापूर या जिल्ह्यांतील द्राक्षांच्या व डाळिंबांच्या बागांत लहान डिझेल ट्रॅक्टरने आता चांगलाच जम बसविला आहे. द्राक्षवेलींच्या दोन ओळींत सामान्यतः नऊ-दहा फुटांचे अंतर असते व मांडवाची उंचीही बेताचीच असते. अशा जागेत मोठ्या ट्रॅक्टरचा निभाव लागत नाही. पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर मात्र फवारणी, आंतरमशागत व खतांची ने-आण ही सारी कामे बिनबोभाट करतो. यांपैकी कित्येक यंत्रे आता पंधरा-वीस वर्षांची झाली आहेत. त्यांची इंजिने अद्याप दणकट आहेत. परंतु किल्ली फिरविली असता ती सुरू होत नाहीत, अशी तक्रार बागाईतदारांकडून वारंवार ऐकू येते.

ही तक्रार किरकोळ समजून चालणार नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर फुटी कोवळ्या असताना पाऊस पडला व पाने रात्रभर ओली राहिली, म्हणजे केवडा रोग झपाट्याने पसरतो. अशा वेळी फवारणी एक दिवस लांबली तरी वर्षाच्या मेहनतीवर पाणी पडण्याचा संभव असतो. त्या नेमक्या सकाळी ट्रॅक्टर अडून बसला, की घाईघाईने प्रथम बॅटरी बदलली जाते, नंतर स्टार्टर मोटर बदलली जाते, आणि एवढे करूनही काम भागले नाही म्हणजे पाना किंवा डिसमिस टेकवून मोटर ‘शॉर्ट’ करण्यात येते. पहिल्या दोन उपायांत पैसा वाया जातो. तिसऱ्यात माणसाच्या जिवावर बेतते. वास्तविक दोष बहुधा मोटरीत नसून एखाद्या गंजलेल्या जोडात असतो. तो कसा शोधावा, हे या लेखात क्रमाने सांगण्याचे योजिले आहे. त्यासाठी एक साधा मल्टिमीटर, पाने, काचकागद व थोडा धीर एवढीच सामग्री पुरेशी आहे.

विजेचे दोन मार्ग

स्टार्टर मोटरला खेडोपाडी ‘सेल्फ’ म्हणतात. बॅटरीतील वीज या मोटरीपर्यंत दोन निरनिराळ्या मार्गांनी काम करते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

पहिला मार्ग जाड तारेचा होय. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली जाड तार मोटरीवर बसविलेल्या सोलेनॉइडच्या मोठ्या बोल्टास येते. तेथून वीज मोटरीत जाते आणि मोटरीचे अंग, इंजिनाचे लोखंड व अर्थिंगची पट्टी यांमधून बॅटरीच्या ऋण टोकास परत येते. इंजिन फिरविताना या मार्गाने १०० ते १५० अँपिअर, व कधी कधी त्याहूनही अधिक, प्रवाह वाहतो.

दुसरा मार्ग बारीक तारेचा होय. ही तार फ्यूजमधून किल्लीच्या स्विचकडे, तेथून क्लचच्या व न्यूट्रलच्या सुरक्षा-स्विचांकडे आणि शेवटी सोलेनॉइडच्या लहान टोकाकडे जाते. अनेक स्टार्टरांवर मोठ्या बोल्टाजवळ ३० व लहान टोकाजवळ ५० असे आकडे कोरलेले आढळतात.

पाटाच्या पाण्याची उपमा घ्यावयाची तर जाड तार हा मुख्य पाट, सोलेनॉइड हे पाटाचे दार, आणि बारीक तार म्हणजे दार उघडण्यास सांगणारा निरोप होय. निरोप पोचला नाही तर दार उघडत नाही. निरोप पोचूनही पाटात गाळ साचला असेल तर पाणी शेतापर्यंत जात नाही. यास्तव दोष निरोपात आहे, दारात आहे की पाटात आहे, हे ठरविणे हीच निम्मी दुरुस्ती होय.

दिवे लागतात म्हणून जोड ठीक आहेत काय?

“दिवे लख्ख लागतात, तेव्हा बॅटरी व तारा ठीकच असल्या पाहिजेत,” असे पुष्कळ जण म्हणतात. हा समज चुकीचा आहे. जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज ओहम यांनी १८२७ साली मांडलेल्या नियमानुसार, जोडात वाया जाणारे व्होल्ट हे प्रवाह व अवरोध यांच्या गुणाकाराइतके असतात. एखाद्या गंजलेल्या जोडाचा अवरोध केवळ ०.०२ ओहम आहे असे धरू. समोरच्या एका दिव्यास सुमारे ५ अँपिअर प्रवाह लागतो. म्हणून दिवा लावताना या जोडात फक्त ०.१ व्होल्ट वाया जातो व दिव्याचा उजेड जराही कमी झालेला दिसत नाही. परंतु त्याच जोडातून १०० अँपिअर वाहू लागले, की २ व्होल्ट वाया जातात. बाराचा सहावा हिस्सा एवढ्याशा गंजात नाहीसा होतो. तेथे २०० वॉट इतकी उष्णता निर्माण होते व जोड हातास गरम लागतो.

यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. एक, जाड तारेची तपासणी नेहमी मोटरीवर भार असताना, म्हणजे किल्ली फिरविलेली असतानाच केली पाहिजे. दोन, तपासणीचा बारीक दिवा लागला एवढ्यावरून जोड निर्दोष ठरत नाही.

तपासणीपूर्वी घ्यावयाची काळजी

ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करून गियर न्यूट्रलमध्ये ठेवावा, ब्रेक लावून चाकांस दगडांची ओट द्यावी व पी.टी.ओ. बंद ठेवावा. मोजमाप करताना इंजिन अचानक सुरू होऊ नये म्हणून ते बंद करण्याचा दांडा ओढून ठेवावा. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असल्याने जवळपास विडी, काडी वा ठिणगी असू नये. बॅटरीतील तेजाब डोळ्यांत किंवा अंगावर उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे व डोळ्यांस इजा झाल्यास विनाविलंब वैद्याकडे जावे. बॅटरी सोडविताना प्रथम ऋण तार काढावी व जोडताना ती सर्वांत शेवटी जोडावी. म्हणजे पाना सांगाड्यास लागून ठिणगी उडत नाही. किल्ली एका वेळी १० सेकंदांहून अधिक फिरवून धरू नये. दोन प्रयत्नांत निदान एक मिनिट जाऊ द्यावे. एरवी मोटर तापून जळते.

आवाजावरून अनुमान

यंत्र आपला दोष पुष्कळदा आवाजानेच सांगते. दिवे लावून किल्ली फिरवावी व पुढीलप्रमाणे अनुमान करावे.

(१) कसलाच आवाज नाही व दिवे पूर्वीइतकेच प्रखर आहेत : निरोप पोचत नाही. बारीक तारेचा मार्ग तपासावा.

(२) ‘टक्’ असा एकच आवाज येतो व मोटर फिरत नाही : निरोप क्षीण आहे, सोलेनॉइडमधील संपर्क जळले आहेत, किंवा जाड तारेचा जोड खराब आहे.

(३) ‘टक्-टक्-टक्’ असा भराभर आवाज येतो व दिवे मिणमिणतात : बॅटरी उतरली आहे, अथवा तिची टोके सैल आहेत.

(४) इंजिन जड व मंद फिरते : बॅटरी, जाड तार, अर्थिंग व मोटर या क्रमाने तपासावे.

(५) मोटर घरघर फिरते पण इंजिन जागचे हलत नाही : मोटरीचे लहान दातेचक्र फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकत नाही. हा दोष यांत्रिक आहे. मोटर उतरवावी लागेल.

(६) इंजिन वेगाने फिरते पण पेट घेत नाही : ‘सेल्फ’ निर्दोष आहे. ग्लो प्लग व डिझेलचा पुरवठा पाहावा.

बॅटरीची परीक्षा

आरंभ नेहमी बॅटरीपासून करावा. ट्रॅक्टर काही तास उभा असल्यावर मल्टिमीटरने बॅटरीचे व्होल्ट मोजावेत. पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. १२.२ व्होल्ट असल्यास ती निम्मी उतरलेली समजावी, व १२ च्या खाली असल्यास प्रथम ती भरून आणावी. उतरलेल्या बॅटरीवर केलेली पुढील कोणतीही तपासणी फसवी ठरते.

नंतर मीटर बॅटरीच्या टोकांवर धरून साथीदारास किल्ली फिरविण्यास सांगावे. भारित बॅटरी असूनही फिरविताना व्होल्ट ९.६ च्या खाली गेले, तर एकतर बॅटरी निकामी झाली आहे किंवा मोटर वाजवीपेक्षा अधिक प्रवाह ओढत आहे. उलटपक्षी इंजिन मंद फिरत असूनही बॅटरीवर ११ व्होल्टांहून अधिक टिकून राहिले, तर बॅटरीस दोष देण्याचे कारण नाही. वीज तिच्यात आहे. ती मोटरीपर्यंत पोचत नाही, एवढेच. ही एक खूण ओळखता आली तरी नव्या बॅटरीचा अनाठायी खर्च वाचतो.

जाड तारेची तपासणी

आता मीटरने व्होल्ट नेमके कोठे वाया जातात ते पाहावयाचे. प्रत्येक मोजणी किल्ली फिरविलेली असतानाच घ्यावी.

मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खुंटावर व दुसरे सोलेनॉइडच्या मोठ्या बोल्टावर धरावे. येथे ०.३ व्होल्टांहून अधिक आढळल्यास त्या तारेचे जोड खराब आहेत. नंतर सोलेनॉइडच्या दोन मोठ्या बोल्टांवर टोके धरावीत. येथेही ०.३ व्होल्टांपेक्षा अधिक आढळल्यास आतील संपर्क जळले आहेत असे समजावे. शेवटी एक टोक मोटरीच्या रंगविरहित अंगावर व दुसरे बॅटरीच्या ऋण खुंटावर धरावे. येथे ०.२ व्होल्टांहून अधिक असल्यास अर्थिंग सदोष आहे.

ही शेवटची मोजणी बहुतेक जण करीत नाहीत, आणि दोष पुष्कळदा तेथेच असतो. निफाड तालुक्यातील एका बागेतील ट्रॅक्टरची बॅटरी नवी होती व मोटरही दुरुस्त करून बसविलेली होती. तथापि इंजिन जेमतेम अर्धा फेरा घेऊन थांबे. उभ्या स्थितीत बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवीत होती व किल्ली फिरविली असता ११.२. मोटरीच्या बोल्टावर व अंगावर मीटर धरले तेव्हा मात्र केवळ ८.३ व्होल्ट भरले. म्हणजे २.९ व्होल्ट वाटेत हरवत होते. धन बाजूस ०.३ व ऋण बाजूस २.६ अशी त्यांची विभागणी निघाली. अर्थिंगची पट्टी सोडवून पाहता, यंत्रास नवा रंग देताना ती रंगाच्या थरावरच आवळली गेली होती असे दिसून आले. रंग खरवडून लोखंड चकचकीत केले व पट्टी पुन्हा आवळली. बाजारातून एकही सुटा भाग न आणता यंत्र पहिल्या किल्लीस सुरू झाले.

जोड साफ करताना तो पूर्णपणे सोडवावा. वरून नुसता आवळू नये. बॅटरीच्या खुंटावरील पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. मग दोन्ही पृष्ठभाग काचकागदाने घासून, आवळून वरून व्हॅसलीन लावावे. तारेच्या टोकाशी कवच फुगलेले असल्यास आतील तांबे कुजलेले असते. ती तार बदलणेच इष्ट.

बारीक तारेची तपासणी व रिलेचा उपाय

मीटरचे एक टोक सोलेनॉइडच्या लहान टोकावर व दुसरे बॅटरीच्या ऋण खुंटावर धरून किल्ली फिरवावी. येथे बॅटरीवरील त्या वेळच्या व्होल्टांपेक्षा एक व्होल्टाहून अधिक घट नसावी. पुरेसे व्होल्ट पोचूनही ‘टक्’ आवाज येत नसेल तर सोलेनॉइड निकामी आहे. व्होल्ट कमी असतील किंवा मुळीच नसतील, तर मागे मागे जात प्रथम न्यूट्रलचा स्विच, मग क्लचचा स्विच, मग किल्लीचा स्विच व शेवटी फ्यूज असे तपासावे. ज्या भागाच्या अलीकडे व्होल्ट आहेत व पलीकडे नाहीत, तोच भाग सदोष होय. क्लचच्या स्विचावर चिखल व फवारणीच्या औषधांचे पाणी सतत उडत असल्याने तो लवकर खराब होतो. पुष्कळदा तो जागेवरून किंचित सरकल्याने पेडल पूर्ण दाबूनही दबत नाही. नट फिरवून तो नीट बसविला की काम होते.

जुन्या यंत्रांत आणखी एक अडचण उद्भवते. सोलेनॉइड ओढला जाताना क्षणभर २०-३० अँपिअरपर्यंत प्रवाह घेतो. हा सारा प्रवाह किल्लीच्या व सुरक्षा-स्विचांच्या झिजलेल्या संपर्कांतून गेल्यामुळे निरोप वाटेतच क्षीण होतो. किल्ली पाच वेळा फिरवावी तेव्हा सहाव्या वेळी ‘सेल्फ’ लागतो, तो याच कारणाने. स्विच साफ करूनही हा दोष राहिल्यास ३० किंवा ४० अँपिअरचा १२ व्होल्टी रिले बसवावा. किल्लीकडून सोलेनॉइडला येणारी जुनी तार काढून रिलेच्या ८६ क्रमांकाच्या टोकास जोडावी व ८५ क्रमांकाचे टोक इंजिनाच्या स्वच्छ लोखंडास जोडावे. बॅटरीच्या धन टोकापासून ३० अँपिअरच्या फ्यूजमधून ४ चौरस मिलिमीटरची तार रिलेच्या ३० क्रमांकास आणावी, आणि ८७ क्रमांकापासून तशीच तार सोलेनॉइडच्या लहान टोकास न्यावी. आता किल्ली व सुरक्षा-स्विच यांतून एका अँपिअरचाही प्रवाह जात नाही आणि निरोप पूर्ण जोराने पोचतो. मात्र सुरक्षा-स्विच या जोडणीत जसेच्या तसे राहिले पाहिजेत. ते वगळून थेट बटण बसविणे हा सर्वस्वी अयोग्य मार्ग आहे.

इंजिन फिरते, पण पेट घेत नाही

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. निफाडच्या बाजूस हिवाळ्यात पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो. अशा पहाटे थंड इंजिनास ग्लो प्लगच्या मदतीची आवश्यकता असते. ग्लो प्लग असलेल्या यंत्रात त्यांना जोडणारी सामायिक पट्टी काढून प्रत्येक प्लगचे टोक व इंजिनाचे अंग यांमधील अवरोध मोजावा. सुस्थितीतील प्लग सुमारे १ ओहम किंवा त्याच्या आसपास दाखवितो. मीटर काहीच दाखवीत नसेल तर आतील तार तुटलेली आहे. तीनपैकी एक प्लग गेला तरी इंजिन अडखळते व पांढरा धूर सोडते. प्लग ठीक असल्यास पट्टीपर्यंत वीज पोचते की नाही ते पाहावे. ग्लो प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा फवारा मारून ते सुरू करण्याचा प्रयत्न कदापि करू नये. तापलेल्या प्लगवर ईथर पेटून स्फोट होण्याचा धोका असतो.

काही यंत्रांत डिझेल सोडणारा विद्युत् सोलेनॉइड पंपावर असतो. किल्ली ‘चालू’ स्थितीत आणताच त्याचा बारीक ‘टक्’ आवाज आला पाहिजे. तो न आल्यास त्याचा फ्यूज व तार तपासावी. कारण हा सोलेनॉइड न उघडल्यास ‘सेल्फ’ कितीही फिरविला तरी डिझेलचा थेंब आत जात नाही.

‘शॉर्ट’ करून ट्रॅक्टर सुरू करू नका

या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना हीच आहे. मोटरीचे दोन बोल्ट पान्याने जोडले म्हणजे किल्ली, क्लच व न्यूट्रलचे सर्व सुरक्षा-स्विच एकदम निरुपयोगी होतात. इंजिनास ठिणगीची गरज नसल्याने, बंद करण्याचा दांडा ओढलेला नसेल तर अनेक जुनी डिझेल इंजिने किल्ली बंद असतानाही सुरू होतात. ट्रॅक्टर चुकून गियरमध्ये राहिला असल्यास तो त्याच क्षणी चालू लागतो. आणि पाना धरणारा मनुष्य तर नेमका पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्ये, मागील चाकाच्या वाटेत उभा असतो. बाजूस होण्यास त्यास सवडही मिळत नाही. लहान ट्रॅक्टर हलका दिसला तरी फवारणी यंत्रासह त्याचे वजन माणसास चिरडण्यास पुरेसे असते. एका फवारणीसाठी असला धोका पत्करू नये. वेळच आली तर शेजाऱ्याच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून जोड-तारा घ्याव्यात, ऋण तारेचे शेवटचे टोक आपल्या बॅटरीपासून दूर इंजिनाच्या लोखंडास लावावे आणि बैठकीवर बसूनच किल्ली फिरवावी. ट्रकच्या २४ व्होल्टच्या बॅटरींचा उपयोग करू नये.

बॅटरी पुन्हा पुन्हा उतरत असल्यास

इंजिन मध्यम गतीने चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट आढळावेत. ते १३ च्या खाली असल्यास पट्टा सैल आहे किंवा डायनॅमो अथवा अल्टरनेटर बिघडला आहे. १५ च्या वर गेल्यास रेग्युलेटर खराब असून बॅटरीचे पाणी लवकर आटते. झाकण उघडता येणाऱ्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे व पट्ट्यांवर सुमारे १० मिलिमीटर पाणी राहील असे पाहावे. विहिरीचे क्षारयुक्त पाणी कधीही घालू नये.

फळछाटणीपूर्वी एक दिवस

खंडेनवमीस अवजारे व यंत्रे धुऊन-पुसून त्यांची पूजा करण्याची आपली परंपरा आहे, आणि तो सण फळछाटणीच्या हंगामाच्या तोंडाशीच येतो. त्याच सुमारास बॅटरीची दोन टोके, सोलेनॉइडचा बोल्ट व अर्थिंगची पट्टी हे चार जोड सोडवून साफ करावेत आणि किल्ली फिरविताना बॅटरीवर, मोटरीवर व बारीक तारेवर किती व्होल्ट भरले ते तारखेसह वहीत टिपून ठेवावे. यंत्र निरोगी असतानाचे हे आकडे पुढे बिघाडाच्या वेळी फार उपयोगी पडतात. कारण मागील वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहिले, की दोष कोणत्या जोडात शिरला ते तत्काळ कळते.

मिस्त्रीकडे यंत्र नेण्याचा प्रसंग आलाच, तर “ट्रॅक्टर सुरू होत नाही” एवढेच न सांगता हे आकडे त्याच्यासमोर ठेवावेत. त्यामुळे त्याचा वेळ वाचेल, अनावश्यक सुटे भाग बदलले जाणार नाहीत, आणि पावसाने उघडीप दिलेल्या सकाळी फवारणी वेळेवर होईल. आधी मोजावे, मग साफ करावे, आणि अगदी शेवटी बदलावे, हा क्रम शेतकरी बंधुभगिनींनी पाळावा अशी विनंती आहे.